छाती ४२, सीट ४४

रेडिमेड शर्टाच्या कॉलरखाली शिवलेल्या पट्टीवरचा ४२ हा आकडा दिसायला छातीचा असतो. प्रत्यक्षात त्यामागे एक अख्खा माणूस गृहीत धरलेला असतो. छाती ४२, म्हणून तयार शर्टाचा खांदा साडेअठराच्या आसपास, बाही पंचवीस इंचांच्या आगेमागे, कंबर छातीपेक्षा कमी आणि सीट, म्हणजे कुल्ल्यांचा घेर, इतपत बेताची की शर्ट कुठे न अडकता सरळ खाली उतरावा. उंची साडेपाच फुटांच्या पुढे. कापड कापणाऱ्याच्या तक्त्यात हा माणूस पक्का बसलेला आहे आणि बाजारात त्याच्यासाठी शर्टांच्या रांगा टांगलेल्या आहेत.

आता दुसरा माणूस घ्या. छाती ४२च. पण खांदा साडेपंधरा, बाही बावीस, कंबर ३५, सीट ४४, उंची ५ फूट २ इंच. तोही पुरुषच. जन्मल्यावर दवाखान्याच्या कागदावर मुलगी अशी नोंद झाली, शाळेत चुडीदार घालावा लागला, पण कळायला लागल्यापासून तो स्वतःला मुलगा म्हणूनच ओळखतो. अशांना आता ट्रान्स पुरुष म्हणतात. त्यातही ज्याचं अंग भरलेलं आहे, छाती आणि मांड्या-कुल्ले भरदार आहेत, त्याला भालकीच्या, बसवकल्याणच्या किंवा आळंदच्या बाजारात अंगावर नीट बसेल असा शर्ट मिळत नाही. शर्ट कसाबसा मिळाला तर पँट मिळत नाही.

कुणाला ही कपड्यांची हौस वाटेल. ती तशी नाही. शर्ट नीट बसला तर रस्त्यावरचा माणूस ‘दादा’ म्हणून हाक मारतो आणि पुढे जातो. छातीवर गुंड्या ताणल्या की तोच माणूस थबकतो, पुन्हा बघतो, आणि मग पुष्कळ काही त्या दुसऱ्या नजरेवर ठरतं. मिळणारं काम, भाड्याची खोली, टपरीवरचा चहा, पोलिसाचा प्रश्न. ज्याला रोज घराबाहेर पडून पोट भरायचं आहे, त्याच्यासाठी दोन गुंड्यांमधली अर्ध्या इंचाची फट ही फार मोठी गोष्ट असते.

ही बाजारगावं बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतली. हे दोन्ही जिल्हे पूर्वी निजामाच्या राज्यात होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्याचे उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याकडे आणि पुढे महाराष्ट्रात गेले, उरलेल्यातला बराचसा भाग म्हैसूर राज्यात म्हणजे आजच्या कर्नाटकात आला. त्यामुळे इथे घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी असा संसार चालतो. अंगावरच्या कपड्यांतही तीच सरमिसळ. धोतर आणि नेहरू शर्ट घातलेले म्हातारे, पठाणी घातलेले दुकानदार, लुंगीवर हिंडणारी माणसं, बळ्ळारीची जीन्स घातलेली कॉलेजची पोरं. उशाला सोलापूर, जिथे शाळांचे गणवेश शिवण्याचा मोठा धंदा आहे. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने देशात सात ठिकाणी पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क जाहीर केले, त्यांत कर्नाटकातून कलबुर्गीची निवड झाली. म्हणजे कापड, शिलाई, कारागीर यांचा इथे तुटवडा नाही.

अडचण दुकानाच्या उंबऱ्यावर सुरू होते. ‘कोणासाठी घ्यायलालाव?’ हा दुकानदाराचा पहिला प्रश्न. त्यात वाईट हेतू मुळीच नसतो, तो प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारला जातो. पण मुलगी समजल्या जाणाऱ्या माणसाने पुरुषांच्या शर्टाकडे बोट दाखवलं की या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं, आणि सगळ्यांत सोपं उत्तर असतं, ‘भावासाठी’. भावासाठी म्हटलं की शर्ट अंगावर घालून बघण्याची वाट बंद. अंदाजाने घ्यायचा, पिशवीत घालून न्यायचा, घरी कुणी नसताना घालून बघायचा. खांदे लोंबतात, बाह्या बोटांवर येतात, आणि तरीही छातीची तिसरी गुंडी ताणलेलीच. परत करायला गेलं तर भावाची उंची, भावाचं वय यांच्या चौकशा. मोबाइलवरून मागवलं तर पार्सल घरी येतं, आणि गावाकडच्या घरात पार्सल कोण फोडेल याचा नेम नसतो.

शहरी, इंग्रजी बोलणाऱ्या ट्रान्स पुरुषांत एक सल्ला नेहमी दिला जातो: मुलांच्या विभागात जा, चौदा-सोळा वर्षांच्या पोराचे शर्ट घ्या, खांदा बरोबर येतो. अंगाने सडपातळ असलेल्यांना तो लागू पडतो. ज्याची छाती ४२ आहे त्याच्या अंगावर पोराचा शर्ट चढतच नाही. जे फोटो, जे व्हिडिओ, जी यशाची उदाहरणं समोर येतात त्यांतली शरीरंही एक तर काटकुळी नाहीतर कमावलेली. २०१८ मध्ये आर्यन पाशा शरीरसौष्ठव स्पर्धेच्या मंचावर उतरले, तेव्हा देशभरातल्या अनेक ट्रान्स पुरुषांना पहिल्यांदा आपल्यातला कुणीतरी उजेडात दिसला. त्याचं मोल मोठं आहे. पण गोल चेहऱ्याच्या, जाड मांड्यांच्या पोराने तो फोटो बघून आधी वजन उतरवू आणि मग पुरुष होऊ असं मनाशी ठरवलं, तर ते चुकीचं ठरवलं असं त्याला कुणीतरी सांगायला हवं. आपल्या बाजारपेठांत ४८ पोटाचे शेकडो पुरुष बसलेले असतात. त्यांच्या पुरुषपणाबद्दल कुणाला शंका येत नाही. शिंपी त्यांच्या शर्टाची पुढची बाजू मागच्यापेक्षा इंच-दीड इंच लांब कापतो, पोटावर घेर सोडतो, पँटचा पट्टा पुढून थोडा खाली उतरवतो आणि कपडा बसवून देतो. आधी पोट कमी करून या, असं तो कुणाला सांगत नाही. हेच सौजन्य आणि हेच कसब या दुसऱ्या गिऱ्हाइकाला मिळावं, एवढीच मागणी आहे.

या मुलखात बाईपण स्वीकारणाऱ्याला कपडा देण्याची परंपरा आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावाने जोगप्पा होणाऱ्याला देवीची साडी, बांगड्या आणि गळ्यात मण्यांची माळ मिळते. हा विधी असतो, तो चार लोकांसमोर होतो, आणि त्यानंतर त्या माणसाने साडी का नेसली हे गावाला विचारावं लागत नाही. मंजम्मा जोगती याच परंपरेतून आल्या, कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या आणि २०२१ मध्ये पद्मश्रीच्या मानकरी ठरल्या. तृतीयपंथीयांच्या घराण्यांतही गुरू चेल्याला साडी देतो. उपेक्षा, दारिद्र्य, अपमान हे सगळं तिथेही आहेच, पण पहिली साडी नेसवणारं कुणीतरी असतं.

पुरुषपण स्वीकारणाऱ्याला पहिला शर्ट देणारं कुणी नाही. त्याच्यासाठी देवी नाही, गुरू नाही, घराणं नाही. यल्लम्माच्या डोंगरावर त्याच्यासाठी धोतर ठेवलेलं नाही. मराठी रंगभूमीवर बालगंधर्वांनी साडी कशी नेसावी हे घराघरांतल्या बायकांना शिकवलं असं आपण अभिमानाने सांगतो. शर्टाची कॉलर कशी ताठ ठेवावी हे शिकवणारा असा कुणी मोठा माणूस मुलगी म्हणून वाढलेल्या मुलग्याच्या वाट्याला आलेला नाही. म्हणून तो भावाचा जुना शर्ट घालतो, वडिलांची टाकलेली पँट दोरीने आवळतो आणि आरशासमोर एकटाच शिकतो.

खरं तर या मातीत वेगळा विचार शेकडो वर्षांपूर्वीच मांडला गेला आहे. जेडर दासिमय्या हे आद्य वचनकारांपैकी एक, गाव मुदनूर, जे पूर्वी गुलबर्गा जिल्ह्यात होतं आणि आता यादगीर जिल्ह्यात आहे. व्यवसायाने विणकर. शरीराच्या खुणांवरून लोक बाई आणि पुरुष ठरवतात, पण आतल्या जीवाला तो भेद लागत नाही, असा त्यांच्या एका प्रसिद्ध वचनाचा रोख आहे. कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, संतकवयित्री अक्कमहादेवी आल्या त्या वस्त्राचा त्याग करून, आणि अनुभव मंटपात, म्हणजे शिवशरणांच्या सभेत, अल्लमप्रभूंनी त्यांना त्यावरून खडे प्रश्न विचारले असं परंपरा सांगते. कापड, शरीर आणि माणूस यांच्यातलं नातं काय, या प्रश्नावर भर सभेत चर्चा झालेला हा मुलूख आहे. तिथल्याच एका पोराला गुपचूप शर्ट घ्यावा लागतो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सीमेपलीकडे मराठवाड्यात एक लढाई उघडपणे लढली गेली. बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातल्या राजेगावचे ललित साळवे पोलिस दलात महिला शिपाई म्हणून भरती झाले होते. २०१७ मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली आणि नंतर पुरुष शिपाई म्हणून सेवेत राहू द्यावं अशी विनंती केली. खात्याने आधी नकार दिला. पुरुष आणि महिला शिपायांच्या भरतीला उंची आणि वजनाचे निकष वेगवेगळे आहेत, ही अडचण तेव्हा पुढे करण्यात आली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, तिथून त्यांना प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जायला सांगण्यात आलं, आणि अखेर राज्य सरकारने परवानगी दिली. मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. २०२० मध्ये त्यांचं लग्न झालं, २०२४ मध्ये ते बाप झाले. या सगळ्याच्या मुळाशी इंच आणि किलोचा तक्ता होता हे मला महत्त्वाचं वाटतं. माणूस तोच, नोकरी तीच, काम तेच, आणि प्रश्न असा की याला कुठल्या मापाने मोजायचं.

मापाचे हे तक्ते कुणी देवाने दिलेले नाहीत. आपल्याकडच्या रेडिमेडची मापं बरीचशी परदेशी तक्त्यांवरून आली. भारतीय शरीरांचा स्वतंत्र तक्ता करण्यासाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निफ्टने, हैदराबादसह सहा शहरांत सुमारे २५ हजार लोकांची मापं यंत्राने घेण्याचं काम हाती घेतलं, ते अगदी अलीकडे. त्यातही तक्ते दोनच, पुरुषांचा आणि स्त्रियांचा. या दोन्ही तक्त्यांच्या मधल्या माणसासाठी आजही एकच उपाय आहे, आणि तो गावातल्या गल्लीत बसलेला आहे. शिंपी.

आमच्या घरात शिवणकाम होतं, त्यामुळे पुढचं जरा सविस्तर लिहितो.

तालुक्याच्या गावी शिंप्यांच्या पाट्या दोन प्रकारच्या असतात. जेंट्स टेलर आणि लेडीज टेलर. जेंट्स टेलरला कॉलर येते, बकरम कसं घालायचं ते येतं, पुढची पट्टी, काज, पँटचं आसन, चेन, खिसे हे सगळं येतं. पण भरलेल्या छातीवरून कापड कसं उतरवायचं ते त्याला येत नाही, कारण त्याला कधी वेळच आलेली नसते. लेडीज टेलर, आणि घरोघरी ब्लाऊज शिवणाऱ्या बाया, छातीचा उभार कापडात कसा सामावायचा ते उत्तम जाणतात. मात्र त्यांचं सगळं कसब तो उभार दाखवण्यासाठी घडलेलं असतं. टक्स मारायचे ते छातीखाली, कंबरेत आवळायचं, अंग खुलवायचं. आपल्या माणसाला हवी असते पहिल्याची कॉलर आणि दुसरीचं ज्ञान, पण तेही उलटं लावलेलं. टक्स हवेत, पण दिसायला नकोत.

आता वरचंच माप घेऊन एक शर्ट बसवून बघू. छातीवर कपडा सैल हवा, म्हणून घेर ४७-४८ ठेवायचा. पण खांदा साडेपंधराच कापायचा, त्यात तडजोड नाही. खांद्याची शिलाई हाडावर आली की निम्मं काम झालं, कारण पुरुषाचा शर्ट डोळ्यात भरतो तो खांद्यावरून. खांदा लहान आणि छाती मोठी, मग मधलं कापड जाणार कुठे? ते मुंढ्यात जिरवायचं. काखेखालून एक लहान टक्स घेतला तर हात खाली असताना तो दिसत नाही. थोडं कापड पुढच्या योकच्या शिलाईत चुणी न दिसेल अशा बेताने आवरायचं. मागच्या बाजूला योकखाली एक पेटीसारखी प्लेट दिली की पाठीवर कापड मोकळं राहतं आणि पुढची ओढ कमी होते. छातीपासून खाली शर्ट सरळ पडू द्यायचा, कंबरेत अजिबात आवळायचा नाही. इथे लेडीज टेलरचा हात सवयीने आत वळतो, तो थांबवावा लागतो.

गुंड्यांची जागा हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग. रेडिमेड शर्टात गुंड्या ठरावीक अंतरावर असतात आणि छातीच्या सगळ्यांत भरलेल्या रेषेवर नेमकी दोन गुंड्यांची मधली जागा येते. तीच फट. शिवून घेताना आधी ती रेषा टेपने शोधायची, खडूने खूण करायची, पहिली गुंडी तिथे लावायची आणि मग वर-खाली बाकीच्या. आणखी खबरदारी म्हणून पट्टीच्या आतून एक टिचबटण. खर्च किरकोळ, पण दिवसभर हात छातीवर धरून चालण्याची गरज संपते.

लांबी बेताची. शर्ट सीटच्या सगळ्यांत रुंद भागावर संपला तर रुंदी अधोरेखित होते. त्याच्या जरा वर संपवायचा, खालची कड सरळ ठेवायची आणि दोन्ही बाजूंना तीन-चार इंचांची चीर द्यायची, म्हणजे बसताना-उठताना शर्ट कुल्ल्यांवर चढत नाही. दोन्ही छात्यांवर झाकणाचे खिसे, नेहमीपेक्षा किंचित वर. कापड जाडसर आणि अंगाला न चिकटणारं: खादी, ड्रिल, हातमागाचं सुती. बारीक चौकडी किंवा गडद रंग उभार लपवतो. चकचकीत, सुळसुळीत, ताणलं जाणारं कापड सगळं सांगून टाकतं. कलबुर्गीचा उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो हे लक्षात घेता सुतीला पर्याय नाहीच.

पँटचं गणित वेगळं. कंबर ३५ म्हणून ३६ ची पँट घेतली तर ती मांडीवरच अडते. सीटला बसेल अशी घ्यायची तर ४० च्या पुढे जावं लागतं, आणि मग मागे कंबरेत मूठ जाईल एवढी फट पडते. ती अल्टर करून आत घ्यायची म्हटली तर दोन इंचांपर्यंत ठीक. त्याहून जास्त घेतलं की मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भेटायला येतात आणि पँट विचित्र दिसते. जीन्सला मागे योक असतो, तिथे तर अल्टर करणं आणखी कठीण. म्हणून पँट शिवूनच घ्यावी. मागच्या मधल्या शिलाईत भरपूर मार्जिन सोडायला सांगावं. पुढे एकेक प्लेट दिली की मांडीवर कापड मोकळं होतं. पाय सरळ, खालून निमुळता नको, कारण खाली जितकं निमुळतं तितकी वरची रुंदी जास्त दिसते.

आणि हे सगळं नको असेल, तर या मुलखाने आधीच शिवून ठेवलेले कपडे आहेत. नेहरू शर्टाला बाजूंना चिरा असतात, तो सीटवर अडकत नाही. वर बंडी किंवा जॅकेट घातलं की छाती झाकली जाते, आणि लग्नाकार्यात ते शोभूनही दिसतं. पठाणी तर अशा अंगासाठीच जन्मली असं वाटावं इतकी सोयीची आहे: गुडघ्यापर्यंत सरळ पडणारा सैल कुडता, खाली घेरदार सलवार, नेफ्यात नाडी, कंबर-सीटचा हिशोबच नाही. बिदर-कलबुर्गीच्या दखनी शिंप्यांचा हात पठाणीवर आणि शेरवानीवर बसलेला आहे. फेटा तर शिवजयंतीच्या मिरवणुकीत मुलींच्याही डोक्यावर असतो आणि त्याचं कौतुक होतं. वर्षातल्या त्या एका दिवशी कुणी काही विचारत नाही.

छाती आवळण्याबद्दल मात्र स्पष्ट लिहायला हवं, कारण इथे चूक महाग पडते. उभार लपवण्यासाठी क्रेप बँडेज गुंडाळणं, चिकटपट्टी लावणं, दोन-तीन घट्ट बनियन एकावर एक घालणं हे धोक्याचं आहे. बँडेज श्वासाबरोबर आणखी आवळत जातं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात छाती बांधणाऱ्या १,८०० जणांची माहिती घेतली गेली होती, त्यांतल्या ९७ टक्क्यांनी पाठदुखी, दम लागणं, त्वचेला खाज असा किमान एक तरी त्रास नोंदवला. बाइंडर म्हणून जो कपडा मिळतो तो याच कामासाठी शिवलेला असतो, आपल्या मापाचा घ्यायचा असतो आणि तरीही तो आठ तासांहून जास्त घालू नये, घालून झोपू नये, दुखायला लागलं की काढावा. छाती वाढलेल्या पुरुषांसाठी मिळणाऱ्या घट्ट बनियन किंवा चांगली स्पोर्ट्स ब्रा हेही पर्याय आहेत. भरलेल्या छातीच्या माणसाला एक माप लहान घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. सपाट छाती मिळत नाही, बरगड्या दुखतात. उन्हात शेतात, बांधकामावर किंवा गोदामात काम करणाऱ्याने तर बाइंडरपेक्षा सैल शर्टावर आणि जाड कापडावर भिस्त ठेवावी.

औषधोपचाराने सगळं सुटतं असाही एक समज आहे. टेस्टोस्टेरॉनने आवाज फुटतो, दाढी येते, चरबीची ठेवण काही वर्षांत बदलते. पण छाती त्याने जात नाही आणि कंबरेची हाडं अरुंद होत नाहीत. म्हणजे उपचार घेणाऱ्यालाही शिंपी लागतोच. बिदरच्या माणसाला अशा उपचारांसाठी जवळचं मोठं शहर हैदराबाद. २०२१ मध्ये तिथे ‘मित्र’ नावाचं खास ट्रान्स व्यक्तींसाठीचं क्लिनिक सुरू झालं होतं. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेची मदत थांबली तशी ते बंद पडलं, पुढे ‘सबरंग’ नावाने पुन्हा उघडलं. उपचार असे दूरच्या देशातल्या निर्णयावर हेलकावे खातात. गल्लीतलं शिलाई मशीन तसं हेलकावत नाही.

कपडा नीट बसल्यावर एक नवीनच अडचण उभी राहते, तीही सांगितली पाहिजे. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजना सुरू झाली. राज्यातल्या महिलांना आणि लिंगभाव अल्पसंख्याकांना सरकारी साध्या बसमध्ये राज्याच्या हद्दीत मोफत प्रवास. कल्याण कर्नाटक परिवहनच्या बसमध्ये शर्ट-पँटमधला तरुण चढतो. योजनेचा लाभ घ्यायचा तर आधार कार्ड दाखवायचं, आणि त्यावर नाव मुलीचं. बसमध्ये पन्नास माणसं ऐकत असतात. अशा वेळी कार्ड खिशातच ठेवून पूर्ण तिकीट काढणं हा एकच निवांत मार्ग उरतो. हक्क कागदावर आहे, पण तो वापरायचा तर भर बसमध्ये स्वतःला उघडं करावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी नालसा खटल्यात प्रत्येकाला आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केला. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्क संरक्षण) कायद्याच्या मूळ व्याख्येत ट्रान्स पुरुषाचा स्पष्ट उल्लेख आला. कर्नाटकाने २०२१ मध्ये सरकारी नोकऱ्यांत ट्रान्स व्यक्तींना एक टक्का आडवं आरक्षण दिलं, तसं करणारं ते पहिलं राज्य. हे सगळं मोठंच आहे. त्यासाठी लढलेल्यांचे उपकार आहेत. पण यांतला कुठलाही कागद हातात घेऊन कचेरीत जायचं, तर अंगावर काहीतरी घालून जावं लागतं, आणि साहेब कागदाआधी कपड्याकडे बघतो.

शिंप्यांशी या विषयावर बोलताना त्यांची एक खरी अडचण लक्षात येते. जेंट्स टेलर पुरुषांची मापं अंगाला हात लावून घेतो. मुलीचं अंग समजून तो संकोचतो, लोक काय म्हणतील याची त्याला भीती असते, आणि ‘आम्ही लेडीज शिवत नाही’ म्हणून मोकळा होतो. यावर वाट आहे. माप घरून घेऊन जायचं. एखाद्या विश्वासातल्या माणसाकडून, बहिणीकडून, मित्राकडून टेपने नऊ मापं घ्यावीत: खांदा, छातीचा सगळ्यांत भरलेला घेर, कंबर, सीट, बाही, गळा, शर्टाची लांबी, मांडी आणि पँटची लांबी. खांद्याच्या टोकापासून छातीच्या भरलेल्या रेषेपर्यंतचं अंतर वेगळं लिहावं, गुंडीसाठी तेच लागतं. बाइंडर किंवा स्पोर्ट्स ब्रा रोज घालणार असाल तर ती घालूनच मापं घ्यावीत, नाहीतर शर्ट सगळा चुकतो. आणि एखादा जुना, खांद्याला बरोबर बसणारा शर्ट नमुन्याला द्यावा. आपल्या शिंप्यांचा हात नमुन्यावर सगळ्यांत चांगला चालतो.

बिदर, भालकी, हुमनाबाद, आळंद, कलबुर्गीच्या शिंपी मंडळींना माझी विनंती आहे. तुमच्यात नामदेव शिंपी समाजाची घरं आहेत, ज्यांच्या देवघरात शिंप्याच्या घरी वाढलेल्या संताची मूर्ती आहे. तुमच्यात पिढ्यान्‌पिढ्या शेरवानी शिवणारे मुसलमान कारागीर आहेत, घरात मशीन ठेवून ब्लाऊज शिवणाऱ्या बाया आहेत. असा कुणी दुकानात आला तर कोणासाठी, का, घरच्यांना माहीत आहे का, हे विचारू नका. शर्टाची लांबी विचारा, कॉलर कशी हवी ते विचारा. दुकानात कोपऱ्याला एक आरसा आणि एक पडदा लावा, म्हणजे ट्रायल देता येईल. जेंट्सवाल्यांनी छातीच्या टक्ससाठी शेजारच्या लेडीज टेलरला विचारावं, त्यात कमीपणा नाही. मापाच्या वहीत तो जे नाव सांगेल तेच लिहा. पहिली ट्रायल कच्च्या शिलाईवर द्या आणि गुंड्या ट्रायलनंतरच लावा. शिलाई इतरांइतकीच घ्या.